जीन पँटीचा हिशेब बांधावरून

गेल्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीने मला एक जीन पँट दिली. ती पुण्याला नोकरीस आहे. पँट ‘लिव्हाइज’ कंपनीची, किंमत तीन हजार दोनशे रुपये. आमच्या घरात एवढ्या किमतीचे वस्त्र यापूर्वी एकदाच आले होते, ते थोरल्या ताईच्या लग्नात. पँटीला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली होती. ही पँट तयार करताना पाणी वाचविले आहे, अशा अर्थाचा मजकूर तीवर होता. मी तो घरी मोठ्याने वाचून दाखविला. माय नुकतीच कापूस वेचून आली होती आणि बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरांवर खोबरेल लावीत बसली होती. ती काही बोलली नाही. दादा मात्र म्हणाले, “पाणी वाचिवलं म्हणतेत, मग ते वाचलेलं पाणी गेलं कुठं? आपल्या हिरीत तर न्हाई आलं!”

सगळे हसले. मीही हसले. परंतु नांदेडला परत येताना एस. टी.त हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दादांना वाटते, शिकलेल्या पोरीला सगळे ठाऊक असते. मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी ग्रंथालयात बसून, अर्थशास्त्राच्या सरांना विचारून, जे मिळाले ते जुळविले. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. पण ज्या कापसाची ती पँट होते, तो कापूस मी स्वतः वेचलेला आहे. एवढ्या अधिकाराने चार शब्द लिहिते.

पाण्याची गोष्ट आमच्या भागात हसण्यावारी नेता येत नाही. माझे मामा लातूरला राहतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मी चौथीची परीक्षा देऊन त्यांच्याकडे गेले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांच्या परिसरात १४४ कलम लावले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मामींनी भांडी घासलेले पाणी पुन्हा फरशीला आणि फरशीचे पाणी तुळशीला घातलेले मी पाहिले आहे. ‘पाणी वाचविले’ हे शब्द छापील चिठ्ठीवर वाचताना मला त्या मामी आठवल्या. त्यांनी वाचविलेले पाणी कुठे गेले ते मला दिसत होते. कंपनीने वाचविलेले दिसत नव्हते.

आता कंपनीचा हिशेब पाहू. लिव्हाइजने आपल्या ‘५०१’ या प्रसिद्ध पँटीचा जन्मापासून मरणापर्यंतचा अभ्यास करवून तो २०१५ साली प्रसिद्ध केला. कापूस पेरण्यापासून पँट टाकून देईपर्यंत एका पँटीमागे ३,७८१ लिटर पाणी लागते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीत फक्त १३२ पँटींचे पाणी होते! यातले ६८ टक्के पाणी कापूस पिकविण्यात जाते. २३ टक्के पाणी पँट विकत घेणारा ती धुण्यात घालवितो. उरलेले सुमारे ९ टक्के सूत, कापड, शिवण, धुलाई या साऱ्या कारखानदारीत खर्च होते.

कंपनीने स्वतःचा हिशेब स्वतः उघड केला, ही गोष्ट मी तिच्या जमेला धरते. परंतु याच हिशेबाने तिच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह लागते. जीन कापडाची रीत अशी की, उभा धागा म्हणजे ताणा निळीत बुडवून काढतात आणि बाणा पांढरा ठेवतात. निळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरावरच राहते. म्हणून ही पँट घासली की फिकी पडते, आणि गंमत अशी की लोकांना ती फिकी झालेलीच हवी असते! नवी पँट जुनी दिसावी म्हणून कारखान्यात तिला प्युमिस दगडांबरोबर धुतात, ब्लीच लावतात, पुन्हा पुन्हा पाण्यातून काढतात. २०११ साली लिव्हाइजने या शेवटच्या धुलाईत पाणी कमी वापरण्याची पद्धत सुरू केली. काही पँटींच्या बाबतीत या टप्प्यावरचे ९६ टक्क्यांपर्यंत पाणी वाचते, असे तिचे म्हणणे. ते खरे मानू. पण हे ९६ टक्के कशाचे? त्या ९ टक्क्यांमधल्या एका तुकड्याचे. दादांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. पाणी वाचले ते धुलाईखान्यात. आमच्या विहिरीशी त्याचा संबंधच नव्हता.

मग धुलाईखाना सुधारणे निरर्थक आहे काय? मुळीच नाही. त्यासाठी दूर जायला नको, आपल्याच राज्यातले उल्हासनगर पाहावे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वसलेले हे शहर स्वस्त जीन्ससाठी देशभर प्रसिद्ध आहे. आपल्या नांदेडच्या बाजारात चारशे-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या पँटी अशाच ठिकाणांहून येतात. तेथल्या लहान लहान धुलाई-कारखान्यांचे रंगीत, रसायनमिश्रित पाणी प्रक्रियेवाचून वालधुनी नदीत जात असे. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे कारखाने बंद करविले. तेव्हा धंदा आसपासच्या गावांकडे सरकू लागला. पाणी लिटरांत थोडे असेल, पण त्यात विष असेल तर ते एका नदीला पुरते. शिवाय लिटरांच्या मापात माणसाची फुप्फुसेही बसत नाहीत. तुर्कस्तानात पँट फिकी करण्यासाठी तिच्यावर वाळूचा फवारा मारीत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस झाला, कित्येक दगावले आणि २००९ साली त्या देशाने ही पद्धत बंद केली. २०१० मध्ये लिव्हाइजनेही ती सोडत असल्याचे जाहीर केले. वाळूच्या फवाऱ्याला पाणी लागतच नव्हते, हे लक्षात घ्यावे. पाण्याच्या हिशेबात ती पद्धत अगदी निर्दोष ठरली असती!

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बाजारातल्या चारशेच्या पँटीला चिठ्ठीच नसते. तिचा हिशेब कोणीच मांडीत नाही. मोठी कंपनी निदान काही आकडे देते आणि आकडे दिले म्हणूनच मला तिच्याशी वाद घालता येतो. तेव्हा ‘मोठ्या कंपन्या तेवढ्या लबाड’ असे म्हणून टाळ्या मिळविण्याचा माझा विचार नाही. माझे म्हणणे एवढेच की, हिशेब जिथून सुरू होतो तिथून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मांडला पाहिजे.

तो ६८ टक्क्यांचा भाग म्हणजे आपली काळी जमीन. पण ३,७८१ हा आकडा निरनिराळ्या देशांच्या कापसाची सरासरी आहे. किनवट, हदगाव, भोकर, कंधार या आपल्या भागात कापूस बहुतेक कोरडवाहू. आमच्या तीन एकर रानाला पाटाचे पाणी नाही. मृगाचा पाऊस आला तर पेरायचे, न आला तर आभाळाकडे पाहायचे. म्हणजे लिटरांची ती सरासरी आमच्या शेताला लागूच होत नाही. उद्या एखाद्या कंपनीने म्हटले की मराठवाड्याचा कापूस धरणाचे पाणी पीत नाही, सबब तो पर्यावरणाला उत्तम, तर कागदावर ते खरे ठरेल. परंतु कोरडवाहू कापूस दुसरेच काही पितो. तो औषध पितो.

यवतमाळ जिल्हा आपल्या शेजारचा. पैनगंगा ओलांडली की तो लागतो. यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कापडाचा मोठा कारखाना १९९६ पासून आहे. म्हणजे कापूसही तिथला आणि जीनचे कापडही तिथले. याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. कारखान्याचा त्या दुर्दैवाशी संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी कोणत्याही चिठ्ठीवर एकत्र येत नाहीत, हे मला खटकते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा फवारण्या कमी होतील असे सांगितले गेले, आणि सुरुवातीची काही वर्षे त्या झाल्याही. पुढे गुलाबी बोंडअळीला त्या विषाची सवय झाली आणि २०१७ सालीच तिने महाराष्ट्रभर कपाशीचा फडशा पाडला. दादा आजही तोंडाला उपरणे गुंडाळून, पाठीवर पंप घेऊन फवारतात. हातमोजे म्हणजे काय ते आमच्या घरात मी एन. एस. एस.च्या शिबिरातून आणले तेव्हा कळले. ते त्यांनी दोन दिवस घातले; म्हणाले, “घामानं हात उकडतेत.”

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. म्हणूनच ‘बेटर कॉटन इनिशिएटिव्ह’सारख्या योजना निघाल्या आणि लिव्हाइजसह अनेक कंपन्या तिच्या सभासद झाल्या. शेतकऱ्यांना पाणी, औषधे, खते जपून वापरण्याचे शिक्षण द्यायचे आणि तो कापूस घ्यायचा, अशी ही कल्पना. ती महाराष्ट्रातही राबविली जाते. कल्पना चांगली आहे. पण तिच्यातली एक मेख सर्वसामान्य ग्राहकाला कळत नाही. हा कापूस बहुतांशी वजनाच्या हिशेबाने मोजला जातो. आपल्या गावच्या दूध डेअरीचे उदाहरण घ्या. दहा घरांचे दूध एका टाकीत पडते. तुम्ही चांगल्या चाऱ्यावरच्या म्हशीचे दहा लिटर घातले की वहीत दहा लिटर लागते. पण ज्या घरी टाकीतले दहा लिटर जाते, त्या घरी तुमच्याच म्हशीचे दूध पोहोचते असे नाही. तसेच हे. कंपनीने तेवढ्या वजनाचा पैसा मोजलेला असतो. अंगावरच्या पँटीत कोणत्या रानाचा धागा आहे, हे तीवरून समजत नाही. २०२३ पासून मुळापर्यंत माग लागेल असा कापूस देण्याची सोय त्या संस्थेने सुरू केली आहे. ती वाढली तर दादांचा प्रश्न निदान योग्य पत्त्यावर पाठविता येईल.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येते. मी ती पँट गावच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. साधारण साडेसहाशे ग्रॅम भरली. सूतकताईत आणि कापड बेतण्यात होणारी तूट धरली तर सुमारे साडेआठशे ग्रॅम रुई लागली असावी. शंभर किलो कापसातून सरकी काढल्यावर चौतीस किलोच्या आसपास रुई निघते. म्हणजे पँटीला अडीच किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये होती. त्या भावाने अडीच किलोचे सुमारे दोनशे तीन रुपये होतात. तोही भाव मिळाला तर! खेड्यावर येणारा व्यापारी ओलावा दाखवून याहून खाली मागतो. या दोनशे रुपयांत बियाणे, खत, औषध, पाळी, निंदणी सगळे आले. मायला वेचणीचे किलोला दहा रुपये मिळतात. म्हणजे माझ्या पँटीचा कापूस वेचण्याचे तिचे पंचवीस रुपये. ठोकळ हिशेब आहे, पण बत्तीसशेतले पंचवीस हे प्रमाण फार इकडे-तिकडे होणार नाही.

कोणी म्हणेल, पर्यावरणाच्या विचारात पैशाचे रडगाणे कशाला? माझ्या मते मुद्दा तोच आहे. ज्याला पुढच्या हंगामाची खात्री नाही, तो जमिनीच्या पुढच्या पन्नास वर्षांचा विचार कशाच्या बळावर करील? शेणखत घालायला जनावरे हवीत, जनावरांना चारा हवा, चाऱ्याला एक पट्टा रिकामा ठेवायला हवा. दोनशे रुपयांत तो पट्टा बसत नाही. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात ‘नांदेड ४४’ हा कोरडवाहूला चालणारा संकरित वाण दिला, आमच्या आजोबांनी तो पेरला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे, रसशोषक किडींना बऱ्यापैकी टिकणारे देशी वाणही काढले. म्हणजे ज्ञान आपल्या दारात आहे. परंतु देशी वाणाचे बोंड लहान, वेचणीला वेळ अधिक. तो जादा वेळ कोणी विकत घेणार नसेल, तर शेतकऱ्याने तो पेरावा कसा? पर्यावरण राखण्याची मजुरी शेवटी कोणाला तरी द्यावी लागते. आज ती माय देते.

उरला २३ टक्क्यांचा भाग. तो मात्र आपला, पँट घालणाऱ्यांचा. लिव्हाइजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग २०१४ साली एका सभेत म्हणाले की, अंगावरची पँट त्यांनी वर्षभर धुतलेली नाही. हे मी वसतिगृहात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी नाके मुरडली. नांदेडच्या मे महिन्यात असे व्रत कोणाला झेपणार नाही! पण दर दोन दिवसांनी धुण्याऐवजी आठ-दहा वेळा घालून धुतली, उलटी करून सावलीत वाळविली, गुडघ्याला विरली तर रफू केली आणि पाच वर्षे वापरली, तर कुठल्याही चिठ्ठीपेक्षा अधिक पाणी वाचते. आमच्या घरी जुन्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडीचे पायपुसणे. यासाठी माझ्या आजीने कधी चिठ्ठी लावली नाही.

“मग काय, उद्यापासून जीन घालायचीच नाही?” असे एका मैत्रिणीने रागाने विचारले. नाही, बाई! कपाशीचे कापड कोणी घेतलेच नाही तर आमचा कापूस कोण घेणार? या जाड्याभरड्या कापडाशी आपले नाते जुने आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्या कापडावरून गेला आहे. आपल्या नांदेडातही उस्मानशाही मिल होती. ती बंद पडली, आणि आता रुईच्या गाठी बाहेर जातात व पँटी बाहेरून येतात. तेव्हा जीन जरूर घाला. फक्त चिठ्ठी वाचून समाधान मानू नका.

चिठ्ठीकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. कापूस कोणत्या तालुक्यातला, हे तीवर असावे. त्या कापसाला शेतकऱ्याला काय भाव मिळाला, हे असावे. आणि धुलाईचे पाणी कोणत्या नदीत गेले, हे असावे. एवढे छापायला फार मोठा पुठ्ठा लागणार नाही. या तीन ओळी ज्या पँटीवर असतील ती कंपनी पर्यावरणाची मित्र आहे की नाही, ते आपण सगळे मिळून ठरवू शकू. त्या नसतील तोवर ‘पाणी वाचविले’ हे वाक्य अर्धेच आहे, असे मी समजेन.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा दादांना हे सारे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी आपल्या मायचे पंचवीस रुपये, हे त्या कंपनीला ठावं हाय का?” मी म्हटले, “माहीत नाही, दादा.” ते म्हणाले, “मग लिव्ह की. तुला कॉलेजात घातलंय कशाला?”

म्हणून लिहिले.

— बी. ए. द्वितीय वर्ष